मनगटावरचे तिकीट



साहित्याच्या व्याख्यानमालेत एका डॉक्टरने तिकिटावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. हा विषय मला दवाखान्यात मिळाला. मागे एका हिवाळ्यात एक गृहस्थ शाळेच्या सहलीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. सहल मोठ्या शहराजवळच्या एका जलक्रीडा उद्यानात जाणार होती. तिथे प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. तो पट्टा हेच तिकीट, त्यावरच जेवण, त्यावरच लॉकर. पट्टे आधी तयार करून ठेवता यावेत म्हणून उद्यानाने शाळेकडून माहिती मागवली होती : मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो, आईवडिलांचे मोबाइल क्रमांक आणि सर्वांत शेवटी एक रकाना, ‘काही आजार असल्यास’.

त्यांच्या मुलाला एक आजार होता. असा आजार असलेल्या मुलावर पाण्याजवळ कोणाचे तरी लक्ष असावेच लागते. पण ही गोष्ट त्यांनी मुलाच्या आजोळीसुद्धा सांगितलेली नव्हती. ते मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, लिहू की नको लिहू? नाही लिहिलं अन् काही झालं तर? अन् लिहिलं, ते गावभर झालं तर?”

ते मूल म्हणजे मुलगा की मुलगी, गाव कोणते, वर्ष कोणते, आजार कोणता, यातले काहीही मी आज सांगणार नाही. त्या गृहस्थांना मी काय उत्तर दिले, ते मात्र शेवटी सांगेन. ते उत्तर देण्यासाठी मला आधी हा पट्टा समजून घ्यावा लागला. तेवढाच आजचा विषय आहे.

पट्टा बोलतो कसा

मनोरंजन उद्याने आपल्या लोकांना नवीन नाहीत. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये ‘एस्सेल वर्ल्ड’ सुरू झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या बाजूला खोपोलीजवळ २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ सुरू झाले. तिकीट आधी कागदाचे होते. मग हातावर शिक्का मारू लागले, मग कागदी पट्टी आली, आणि आता जगभर अनेक ठिकाणी तिकिटाच्या जागी रबराचा किंवा कापडाचा पट्टा आला आहे, ज्यात एक चिप असते.

ही चिप नखापेक्षाही लहान असते. तिच्याभोवती तारेची बारीक वेटोळी असतात. बहुतेक पट्ट्यांत बॅटरी नसते. दारावरचे यंत्र रेडिओलहरी सोडते, त्या लहरींच्या ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपी जाते. या तंत्राला आर.एफ.आय.डी. म्हणतात. आपल्यापैकी ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांच्या गाडीच्या काचेवर हेच तंत्र चिकटवलेले आहे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला, तो याच जातीचा.

यात तीन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक कळला की अर्धा विषय कळला. पहिला प्रकार जवळून बोलणारा. तो १३.५६ मेगाहर्ट्‌झ लहरींवर चालतो आणि यंत्राला जवळजवळ टेकवल्याशिवाय वाचला जात नाही. दुकानात टेकवून पैसे देतो ते बँकेचे कार्ड याच प्रकारचे. दुसरा प्रकार लांबून बोलणारा. आपल्या देशात त्याला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा दिलेला आहे आणि तो काही मीटरांवरून वाचता येतो. फास्टॅग हा दुसऱ्या प्रकारातला. तिसऱ्या प्रकारात पट्ट्यातच छोटी बॅटरी असते आणि कोणी विचारो वा न विचारो, तो आपण होऊन मधूनमधून आपला क्रमांक हवेत सोडत राहतो.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर पहिला प्रकार स्टेथोस्कोपसारखा. रोग्याने शर्ट वर केल्याशिवाय मला काही ऐकू येत नाही. दुसरा आणि तिसरा प्रकार खोकल्यासारखा. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाचा खोकला मला आत ऐकू येतो, त्याला सांगायचे असो वा नसो. पहिल्यात पट्टा टेकवणे ही माणसाची कृती आहे, म्हणजे ती एका प्रकारे त्याची संमती आहे. दुसऱ्या दोहोंत माणूस काहीच करत नाही आणि तरी त्याची नोंद होते.

सोय खरी आहे

सोयीला मी नावे ठेवणार नाही. पाण्याच्या बागेत पाकीट कुठे ठेवायचे, हा प्रश्न ज्याने अनुभवला आहे त्याला पट्ट्याची किंमत कळते. नोटा भिजत नाहीत, किल्ली हरवत नाही, सुटे पैसे शोधावे लागत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला रांगेत चष्मा काढून, खिसे चाचपून तिकीट दाखवावे लागत नाही. मूल हरवले तर पट्ट्यावरून त्याचे आईवडील सापडतात. उद्यानाचीही सोय होते. कोणत्या पाळण्याजवळ किती गर्दी आहे, उपाहारगृहात किती माणसे लावायची, हे त्यांना घटकेघटकेला कळते. गर्दी मोजता आली तर चेंगराचेंगरीही टाळता येते.

या सोयीचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत फ्लोरिडामधल्या ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’मध्ये २०१३ साली सुरू झाला. त्या पट्ट्याचे नाव ‘मॅजिकबँड’. उद्यानाचे दार, हॉटेलच्या खोलीचे कुलूप, पाळण्याची राखून ठेवलेली वेळ, जेवणाचे बिल, काढलेले फोटो, सगळे त्या एका पट्ट्याला जोडलेले होते. या संपूर्ण योजनेवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. त्या पट्ट्यात दोन आवाज होते. एक जवळून बोलणारा, जो दाराशी टेकवायचा. दुसरा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा, बॅटरीचा, लांबून ऐकू येणारा. त्यामुळे पाळण्यावर बसलेल्या माणसाचा फोटो निघाला की तो कोणाचा, हे त्याने काही न करताही कळत असे.

पट्टे लोकांच्या हातात पडण्यापूर्वीच, जानेवारी २०१३ मध्ये, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले सदस्य एडवर्ड मार्की यांनी डिस्नेचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांना पत्र लिहिले. ही माहिती कोणती, ती कोणाला दिली जाणार, आणि मुख्य म्हणजे लहान मुलांच्या माहितीचे काय, असे प्रश्न त्यांनी विचारले. डिस्नेकडून उत्तर आले की योजना ऐच्छिक आहे, आणि पट्ट्यात कोणाचीही खासगी माहिती साठवलेली नाही, फक्त एक क्रमांक आहे. ज्याला पट्टा नको त्याच्यासाठी साधे कार्डही होते. त्या कार्डात लांबून बोलणारा आवाज नव्हता, ते टेकवावेच लागे. हा पर्याय मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे पुन्हा येतो.

पट्ट्यात फक्त क्रमांक

‘पट्ट्यात फक्त क्रमांक आहे’ हे वाक्य खरे आहे, पण अर्धे. माझ्या दवाखान्यातून रोगी जी चिठ्ठी घेऊन जातो, तिच्यावरही फक्त क्रमांक असतो. ती चिठ्ठी बसमध्ये कोणाला सापडली तर त्याला त्यातून काही कळणार नाही. पण त्या क्रमांकासमोर माझ्या वहीत काय काय आहे! होमिओपॅथीत रोग्याची हकिगत सविस्तर लिहून घ्यावी लागते. हॅनेमान यांनीच तसा नियम घालून दिला आहे. झोप कशी लागते, स्वप्ने कोणती पडतात, कशाची भीती वाटते, घरात कोणाशी बोलणे बंद आहे, तहान किती लागते, रडू कधी येते. नवऱ्याने बायकोला न सांगितलेले आणि सुनेने सासूपासून लपवलेले पुष्कळ काही त्या वह्यांत आहे. चिठ्ठी निरुपद्रवी आहे ती वही कुलपात आहे म्हणून. तेव्हा पट्ट्यात काय आहे असे विचारण्यापेक्षा वहीत काय आहे, ती कोणाच्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकोणाकडे आहे, असे विचारले पाहिजे.

आता या वहीत काय जमा होते, ते आमच्याच घरच्या एका दिवसावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी, पत्नी, मुलगा, सून आणि नात असे एका उद्यानात गेलो होतो. पट्टे बांधले, दिवस मजेत गेला. दोन-तीन महिन्यांनी मुलाच्या मोबाइलवर संदेश आला. त्यात नातीचे नाव घालून लिहिले होते की तिचा वाढदिवस जवळ आला आहे, आमच्याकडे साजरा करा, केक आमच्याकडून. नातीला आनंद झाला. सुनेने मात्र विचारले, “बाबा, यांना हिचा वाढदिवस कसा कळला?” तो आम्हीच कळवला होता. तिकिटाचा दर वयावर ठरतो म्हणून जन्मतारीख मागितली आणि आम्ही लिहून दिली. दर ठरवण्यासाठी ‘बारा वर्षांखालील’ एवढे पुरले असते.

पण मी त्या रात्री वेगळाच विचार करत होतो. त्या दिवशी आमच्या पाच पट्ट्यांनी आणखी काय काय सांगितले असेल? आम्ही जे खाल्ले त्यात कांदा, लसूण, बटाटा नव्हता. सूर्यास्तानंतर आमच्या पाचांपैकी एकाही पट्ट्यावर काही खाल्ल्याची नोंद नव्हती, बाकीची बाग मात्र तेव्हा जेवत होती. एवढ्यावरून आम्ही जैन आहोत हे कोणालाही कळावे. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना नव्हता आणि आम्ही तो भरला नव्हता. मी एकाही उंच घसरगुंडीवर गेलो नाही. त्यावरून माझ्या हृदयाविषयी किंवा गुडघ्यांविषयी अंदाज बांधता येतो. कुटुंबातली एखादी तरुण बाई दिवसभर पाण्यात उतरली नाही, तर त्यावरूनही काही अंदाज बांधता येतात, ते इथे बोलून दाखवायची गरज नाही. माणूस काय करतो यावरून जितके कळते, तितकेच तो काय करत नाही यावरूनही कळते. आम्ही डॉक्टर लोक याच रीतीने निदान करतो. फरक एवढाच की आमच्याकडे रोगी स्वतः येतो, आणि बरे वाटावे म्हणून येतो.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ आपण झाकूनच ठेवली होती. तिच्या वरच्या मनगटाने सगळे सांगून टाकले.

माझे काही मित्र म्हणतात, आमच्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही. त्यांना मी विचारतो, दवाखान्यात आल्यावर तुम्ही तपासणीच्या खोलीचे दार का लावून घेता? काही गुन्हा केलेला असतो का? दार लावतो तो प्रत्येक माणूस काही लपवत नसतो. कोणाला काय सांगायचे, हे त्याला स्वतः ठरवायचे असते.

डोंगर आणि बाग

मग हे पट्टे वाईटच का? तसे नाही. याच तंत्राने माणसे वाचतात. तिरुमलेला दर्शनाच्या वेळेचा पट्टा मनगटावर बांधून घेतलेले लोक आपल्यात असतील. त्या पट्ट्याने तासन्‌तास रांगेत उभे राहणे वाचत असे. १ जानेवारी २०२२ रोजी वैष्णोदेवीला चेंगराचेंगरी होऊन बारा भाविकांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी तिथे जुन्या यात्रा-पर्चीच्या जागी आर.एफ.आय.डी. कार्डे आली. अमरनाथ यात्रेतही २०२२ पासून प्रत्येक यात्रेकरूला असे कार्ड गळ्यात घालावे लागते. त्याच वर्षी जुलैत गुहेजवळ अचानक पूर आला आणि तंबू वाहून गेले. अशा वेळी डोंगरावर किती माणसे आहेत आणि शेवटच्या चौकीवरून कोण पुढे गेले, हे माहीत असणे म्हणजे शोधणाऱ्याच्या हातात दिवा असणे.

म्हणून डोंगर आणि बाग यांत फरक करावा लागतो. डोंगरावर जीव हरवू शकतो, तिथे माग ठेवण्याला कारण आहे. बागेत बहुधा वेळ आणि पैसा हरवतो. तिथेही पाण्याजवळच्या सुरक्षेपुरती नोंद समजू शकते, पण नातीच्या वाढदिवसाची नोंद पाण्याशी संबंधित नाही. नाशिकला २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. इथूनही लोक जातील. तिथे तुमच्या मनगटावर काही बांधले गेले तर ते डोंगराच्या कारणासाठी आहे की बागेच्या, एवढे विचारायला हरकत नाही.

याच गोष्टीचे एक उदाहरण आपल्या जंगलात आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार आपल्याच बालाघाट जिल्ह्यात आहे. पन्नाच्या जंगलातले सगळे वाघ संपल्यावर मार्च २००९ मध्ये बांधवगडहून एक आणि कान्ह्याहून एक अशा दोन वाघिणी तिथे नेल्या. नोव्हेंबरात पेंचहून एक नर वाघ नेला. गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला हा वाघ पन्ना सोडून सरळ आपल्या घरच्या दिशेने, दक्षिणेकडे चालू लागला. वनखात्याची माणसे पट्ट्याच्या आवाजावर त्याच्या मागे राहिली. गावांच्या कडेने, शेतांमधून तो कित्येक दिवस चालत होता. डिसेंबरात त्याला बेशुद्ध करून परत पन्नाला आणले. पुढच्या वर्षी पन्नात बछडे जन्माला आले आणि त्यांचा बाप हाच होता. पट्टा नसता तर तो वाघ कुठल्या तरी तारेच्या फासात संपला असता.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१३ मध्ये पन्नाच्याच एका तरुण वाघाच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा होता. तो कुठे आहे, ही माहिती एका शास्त्रज्ञाच्या ई-मेल खात्यात येत असे. ते खाते कोणीतरी भलत्याच ठिकाणाहून उघडू पाहत असल्याची बातमी त्या वर्षी गाजली. व्यवस्थेने प्रयत्न रोखला आणि वाघाला काही झाले नाही. पण जंगलातल्या सगळ्यांना एक गोष्ट कळली. वाघ वाचवण्यासाठी ठेवलेली नोंद शिकाऱ्याच्या हाती पडली तर तीच शिकारीचा नकाशा होते. पट्टा तोच, वाघ तोच, फक्त वही वाचणारा बदलला. म्हणून सांभाळता येईल तेवढीच नोंद ठेवावी.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात खासगीपण हा मूलभूत हक्क आहे की नाही, यावर बराच काळ वाद होता. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर आधारच्या संदर्भात याचिका केली. तिच्यातून निघालेल्या या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला की खासगीपण हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. माझ्या वयाच्या लोकांनी हे लक्षात ठेवावे. नातवंडांच्या उपयोगी पडेल असे काम आजोबांच्या वयातही होते.

पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली आहे. या कायद्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, संमती नेमक्या कामापुरती असते. कायद्यात यासाठी दिलेले उदाहरण योगायोगाने डॉक्टरकीचे आहे. घरबसल्या वैद्यकीय सल्ला देणाऱ्या एखाद्या अ‍ॅपने तुमच्या मोबाइलमधली नावांची यादीही मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हटले, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल, कारण सल्ला देण्यासाठी ती यादी लागत नाही. हाच न्याय तिकिटाला लावा. आत सोडण्यासाठी जे लागत नाही, त्याला तुमची संमती आहे असे धरता येत नाही.

दुसरी, काम संपले की माहिती पुसली पाहिजे, अन्य कायद्याने ती ठेवायला सांगितलेली नसेल तर.

तिसरी, मुलांची. अठरा वर्षांखालच्या कोणाचीही माहिती पालकांच्या खात्रीलायक संमतीशिवाय घेता येत नाही. मुलांचा माग ठेवणे, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणे आणि त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांना मनाई आहे. सुरक्षेसारख्या काही मोजक्या कारणांसाठी सवलत आहे, ती असावीच. पण केकची जाहिरात त्यात बसत नाही. मुलांच्या बाबतीतले कर्तव्य मोडले तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

चौथी गोष्ट खास आपल्या मंडळासाठी. कोणती माहिती कशासाठी घेतो, याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे. म्हणजे मध्य प्रदेशात राहूनही मी काउंटरवर सांगू शकतो की ही सूचना मला मराठीत दाखवा. आपण भाषेसाठी ठराव करतो, संमेलने भरवतो, ते योग्यच आहे. पण जी भाषा माणसाला स्वतःची सही कशावर होते आहे ते कळू देते, तीच त्याच्या खऱ्या उपयोगाची. ही मागणी आपणच केली नाही तर कोणी आपण होऊन करणार नाही.

न दिलेले घेऊ नये, लागते त्याहून जास्त ठेवू नये

कायद्याची भाषा अवघड वाटली तर तीच गोष्ट आपल्या घरच्या शब्दांत सांगतो. जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांत एक अचौर्याचे आहे. आपल्याकडे चोरी म्हणजे केवळ कुलूप फोडणे नव्हे. जे दिलेले नाही ते घेणे, म्हणजे अदत्तादान, हीच चोरी. मी टोपी विसरून गेलो आणि ती तुम्ही ठेवून घेतली, तरी ती मी दिलेली नव्हती. त्याच हिशेबाने, माझ्या जेवणाच्या बिलावरून माझा धर्म काढून घेणे हे न दिलेले घेणे आहे.

दुसरे व्रत परिग्रह-परिमाणाचे. गृहस्थाला सर्वस्व सोडायला सांगितलेले नाही. किती ठेवायचे त्याची मर्यादा आधी ठरव आणि तिच्यावर राहा, एवढेच सांगितले आहे. धान्य, सोने, जमीन यांना आपल्या वाडवडिलांनी मर्यादा घातल्या. माहिती हाही आजचा साठाच आहे. आणि हा साठा करणारे बहुतेक वेळा दुष्ट नसतात. ‘पुढे कधी लागेल’ म्हणून ते ठेवतात. आमच्या घरातल्या माळ्यावरच्या जुन्या डब्यांसारखे. पण माळ्यावरचे डबे कोणाला दुखावत नाहीत, साठवलेली माहिती कधी ना कधी सांडते.

मी हे दुसऱ्याला सांगण्यापूर्वी स्वतःच्या दवाखान्यात पाहिले. माझ्या नव्या केसपेपरवर ‘जात’ असा रकाना छापलेला होता. छापखान्यातल्या जुन्या नमुन्यावरून तो आला होता आणि इतकी वर्षे मी निमूटपणे भरत होतो. औषध निवडताना मला त्याचा एकदाही उपयोग झाला नव्हता. पुढच्या छपाईत तो रकाना मी काढून टाकला.

उद्यानात जाताना काय करायचे, हे थोडक्यात सांगतो. साधे कार्ड किंवा कागदी तिकीट मिळते का, ते आधी विचारा. डिस्नेला देता आले, तर इतरांनाही देता येईल. पट्टा घेतलाच तर त्यावर लागतील तेवढेच पैसे भरा आणि बँकेचे खाते जोडू नका. जन्मतारखेऐवजी वयोगट सांगा. जाहिरातीच्या संदेशांना होकार देणारी खूण आधीच करून ठेवली असेल तर ती काढा. निघताना पट्टा परत करा, आणि नोंद केव्हा पुसणार ते विचारा. बहुधा काउंटरवरच्या मुलाला उत्तर माहीत नसेल. त्याच्यावर रागावू नका. पण दिवसातून दहा माणसांनी विचारले तर तो साहेबाला विचारेल. शाळांना माझी विनंती अशी की सहलीला चाळीस मुलांची नावे आणि फोटो देण्याऐवजी एक ते चाळीस क्रमांक द्यावेत. क्रमांकासमोरचे नाव गुरुजींच्या वहीत असावे. पट्ट्यावर संपर्कासाठी गुरुजींचा एकच मोबाइल पुरतो. मूल हरवले तर त्यावरूनही सापडेल.

आता सुरुवातीच्या गृहस्थांकडे येतो. ‘लिहू की नको लिहू’ या प्रश्नाचे उत्तर मला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येईना. न सांगणे धोक्याचे होते, ते मी डॉक्टर म्हणून मान्य करूच शकत नव्हतो. मी म्हटले, “सांगायचं, पण फॉर्मला नाही, माणसाला सांगायचं. पाण्याजवळ जो उभा राहणार आहे, त्याला.” मी एक चिठ्ठी लिहिली. काय लक्षण दिसले तर काय करायचे, पाण्यात उतरताना कोणी सोबत असावे, कोणत्या खेळावर जाऊ द्यायचे नाही आणि माझा फोन क्रमांक. चिठ्ठी बंद पाकिटात घालून वडिलांनी ती स्वतः सहलीबरोबर जाणाऱ्या गुरुजींच्या हातात दिली. फॉर्मवरच्या रकान्यात लिहिले, ‘सूचना सोबतच्या शिक्षकांकडे आहे.’ गुरुजींनी तिथे गेल्यावर पाण्याजवळच्या रक्षकाला जेवढे सांगायला हवे तेवढे सांगितले आणि दिवसभर स्वतः काठावर उभे राहिले. मूल इतर मुलांसारखे खेळले.

सहल परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी सायकलवरून त्यांच्या घरी गेले आणि ते पाकीट परत देऊन आले. त्यांना तसे कोणी सांगितलेले नव्हते. काम झाले, आता ही चिठ्ठी माझ्याजवळ कशाला, एवढाच त्यांचा विचार असावा. पट्टे बांधणाऱ्यांनी आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्यांनी एवढाच विचार केला, तर मला त्यांच्या पट्ट्याची काहीच अडचण नाही.